आप्पांचं न थांबणारं घड्याळ

आप्पांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत, तरी दर पाच मिनिटांनी ते मलाच विचारत, "मॅडम, किती वाजलं?" मी वैतागून सांगितलं की पुटपुटत, "म्हंजे ही दोन्ही खोटं बोलत्यात."

कोयनानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ इस्लामपुरात मुलाकडे राहायला आले आणि अठ्ठ्याण्णव साली माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन उभे राहिले. उभेच! खुर्चीत बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बाकीचे टायपिंग शिकत, यांची मागणी एकच. "ब्राउझरमधी काट्यांचं घड्याळ काढायचंय. कवा शिकवताय? लय घाई हाय."

"त्यापेक्षा भिंतीवर लावा की एखादं!"

"आवं, कोयनेला भूकंपाचा हादरा बसला की भिंतीवरचं थांबायचं. मला न थांबणारं पायजे."

दोन महिने त्यांनी माझं डोकं खाल्लं. पहिलं घड्याळ पडद्यावर उमटलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि दोन्ही काटे तीनवर! कॉम्प्युटर कोन मोजायला तीनच्या जागेपासून सुरुवात करतो, हे गडी विसरला होता. पण कबूल करतील तर शपथ. मान वाकडी करून म्हणाले, "घड्याळ बरोबर हाय. टेबल वाकडं हाय."

शेवटी नव्वद अंश वजा केले, काटे जागेवर आले.

एके दिवशी ते यायच्या आधी मी बघितलं, तर घड्याळ दहा मिनिटं पुढं. कोडमध्ये मिनिटांत चक्क दहा मिळवलेले. झालं, घातला घोळ! मी ते दहा काढून टाकले आणि वर शहाण्यासारखा चहा प्यायले.

आप्पा आले. पडदा बघितला आणि मटकन खुर्चीत बसले.

"मॅडम, माझी दहा मिन्टं कुठं गेली?"

"चूक होती, आप्पा. दुरुस्त केली."

"चूक न्हवती वं. माझी बस चुकू नये म्हणून आमची मंडळी घड्याळ दहा मिन्टं पुढं ठेवायची. हादऱ्यानं थांबलं की स्टुलावर चढून परत तसंच लावायची. ती गेली, आन् पोरानं ते बरोबर वेळेला लावलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं दहा परत टाईप केले. मिनिटकाटा पुढं गेला. आप्पा खुर्चीतून उठले नाहीत.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आप्पा, किती वाजले?"

त्यांनी मनगटांकडं बघितलंच नाही. पडद्याकडं बघत म्हणाले, "पाच वीस. बसा निवांत, बसला अजून टाइम हाय."