सप्रेम भेट, नंबर एक ते सतरा

“तू आता काळजीच करू नको. तुझं अर्धं काम आम्ही लातुरातच पक्कं करून आणलंय,” टेम्पोतून उतरता उतरता अमृतराव म्हणाले आणि शिवकन्या टेम्पोतल्या पोत्यांकडं धावली. वडील एखादी गोष्ट पक्की म्हणाले की ती खरोखरच पक्की असते, हा तिचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

सकाळचे साडेनऊ झाले होते. नांदेडच्या कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडून, वर पांढऱ्या चादरी अंथरून ती आठ वाजल्यापासून तयार होती. अकराला बाहेरचे परीक्षक येणार होते. संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर प्रमाणपत्राचं वर्ष आज संपायचं होतं, आणि ते कसं संपतं यावर तिचा पुढचा सगळा जन्म अवलंबून होता. अमृतरावांचं लातूरला भांड्यांचं दुकान. पोरगी एकुलती एक, त्यात बोलकी. गिऱ्हाईक चमचा घ्यायला आलं तर कुकर घेऊन जाईल अशी. तिनं दुकानात बसावं असं त्यांना वाटलं तर त्यात नवल काय? पण तिला संग्रहालयात काम करायचं होतं. चार महिने घरात अबोला झाला आणि मग तह झाला.

“एक वर्ष दिलं तुला,” अमृतरावांनी तेव्हा सांगितलं होतं. “पास झालीस तर जा तुझ्या म्युझियमात. न्हाई झालीस तर दुसऱ्या दिवशी दुकानात बसायचं. मग कुरकुर चालायची न्हाई.”

तसा माणूस दिलदार. वर्षभर त्यांनी तिला काही कमी पडू दिलं नाही. फक्त हे शिक्षण कशाचं आहे ते त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. “जुनी भांडी मी रोज मोडीत घेतो,” ते पाव्हण्यांना सांगत, “आन् माझी पोरगी तीच जपायचं शिकून राहिली. कुणाचं बरोबर ते देवालाच म्हाईत.”

शेवटच्या प्रकल्पासाठी तिला जुन्या घरगुती वस्तू उसन्या आणून त्यांची नोंद करायची होती, प्रत्येकीवर नंबर टाकायचा होता, प्रदर्शन मांडायचं होतं आणि दोन दिवसांनी वस्तू जिथल्या तिथं परत करायच्या होत्या. देवणीच्या गुरम्मा आत्यानं नऊ भांडी दिली आणि शिरूर अनंतपाळच्या चन्नबसप्पाकाकांनी आठ. सतराही भांडी आधी लातूरच्या दुकानात जमा झाली. सगळी आलीत ना हे बघायला शिवकन्येनं गुरुवारी वडिलांच्या मोबाइलवर यादी पाठवली. यादीत तीन रकाने होते: नंबर, वस्तू आणि देणाऱ्याचं नाव.

इथंच घात झाला. अमृतरावांच्या दुकानात मलप्पा नावाचा कारागीर होता. हातातलं मशीन गुर्रकन फिरवून भांड्यावर नाव कोरायचं, हे काम तो तीस वर्षं करत आला होता. लग्नसराईत अशाच याद्या दिवसभर मोबाइलवर येऊन पडत. कुणाचं नाव, कुठलं भांडं, किती नग. मलप्पा काही विचारत नसे आणि गिऱ्हाईकही काही सांगत नसे. यादी आली की नाव पडलं.

पहिलं पोतं सोडलं तर आत्याचा तांब्याचा बंब निघाला. आत्याच्या सासूनं त्यात पाणी तापवलं होतं, आणि तो बंब दोन दिवस लातूरला अडकला नसता, तर आत्यानं स्वतः आज पहाटेही तापवलं असतं. त्याच्या गोल पोटावर ठसठशीत अक्षरं चमकत होती: ‘क्र. १. श्रीमती गुरम्मा बिराजदार, देवणी, यांजकडून सप्रेम भेट.’

“अप्पा, हे काय आहे?”

“नंबर. तूच की यादी पाठवलीस.”

“ती भांडी मोजायला पाठवली होती.”

“मोजली की. मोजली आन् मगच टाकले.”

टेम्पोतूनच आलेला मलप्पा अभिमानानं पुढं झाला. “सतराच्या सतरा झाले, ताई. एक अक्षर हललं न्हाई. बंबावर लई अवघड असतंय बघा, मशीन घसरतंय.”

“पण ‘सप्रेम भेट’ लिहायला कुणी सांगितलं?”

“ते काय सांगावं लागतंय व्हय? देणाऱ्याचं नाव हाय म्हणल्यावर सप्रेम भेटच की. दुसरं काय लिहित्यात भांड्यावर?”

शिवकन्या खुर्चीवर बसली. तिला रडावं की ओरडावं ते कळेना. वर्षभर वर्गात पहिला धडा हाच होता की संग्रहालयातल्या वस्तूवर टाकलेला नंबर वस्तूला ओरखडाही न पडता काढता आला पाहिजे. वस्तूवर कोरणं म्हणजे महापाप. नंबर टाकण्याचा भाग वीस गुणांचा होता आणि एका जरी भागात नापास झालं तरी सगळा प्रकल्प नापास. हे तिनं वडिलांना समजावून सांगितलं.

“निघणारा नंबर?” अमृतराव चकित झाले. “जो निघतो तो टाकायचाच कशाला? बरं, एवढी काळजी हाय तर लातूरला फोन लावू का? पॉलिश करणारा पोरगा चाक घेऊन येईल, घासून टाकू समदं.”

“नको. अप्पा, तुमच्या पाया पडते, आता काहीही करू नका.”

टेम्पोतून आणखी दोघं उतरली होती. बंब एकटा पाठवायचा नाही म्हणून गुरम्मा आत्या आली होती आणि टेम्पो नांदेडला निघालाच आहे तर गुरुद्वाऱ्याचं दर्शन होईल म्हणून चन्नबसप्पाकाका. आत्यानं बंबावरचं आपलं नाव बोट फिरवत वाचलं. तिचा चेहरा उजळला. “माझं नाव कधी कशावर आलं न्हाई गं,” ती म्हणाली आणि बंबाला टेकून मलप्पाकडून तिनं फोटो काढून घेतला.

काकांचा चेहरा मात्र पितळी परात बघून उतरला. त्या परातीवर आधीच एक ओळ होती: ‘चि. सौ. कां. महानंदा हिस वडिलांकडून.’ त्याखाली आता ताजी ओळ पडली होती: ‘क्र. १२. चन्नबसप्पा, शिरूर अनंतपाळ, यांजकडून सप्रेम भेट.’

“मलप्पा, अरं ही माझ्या बायकोच्या माहेरची परात हाय,” काका हळू आवाजात म्हणाले.

“यादीत तुमचं नाव व्हतं.”

“व्हतं रे. पण तिला न विचारता आणली मी. दोन दिवसांत जागेवर ठेवणार व्हतो.”

साडेदहा झाले. शिवकन्या उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि कामाला लागली. आता लपवाछपवी करून उपयोग नव्हता. वस्तूची अवस्था लिहायचा जो कागद असतो, तो तिनं सतराही भांड्यांचा नव्यानं भरला. प्रत्येकावर लिहिलं: ‘ताजी कोरलेली अक्षरं. कोरणारे मलप्पा, लातूर. गुरुवार. गैरसमजातून.’ मलप्पा मागं उभा राहून वाचत होता.

“ताई, माझं नाव लिहिलंत?”

“लिहावंच लागतं. कुणी कोरलं ते नोंदवायचं असतं.”

“तीस वर्षं झाली, लोकांची नावं टाकून राहिलो,” मलप्पा म्हणाला. “माझं कुणी टाकलं न्हाई.” त्यानं आपला शर्ट नीट केला आणि तो भांड्यांजवळ ताठ उभा राहिला, परीक्षा संपेपर्यंत हलला नाही.

बरोबर अकराला परीक्षक आले. डॉ. रविकांत सोनकांबळे, किडकिडीत बांधा, हातात भिंग. बंबापाशी त्यांना भिंगाची गरज पडली नाही.

“हे काय आहे?”

“चूक झाली, सर,” शिवकन्या म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं, यादीपासून सप्रेम भेटीपर्यंत. सर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांना खोकला आला, पण तो खोकला होता की हसू ते कळलं नाही. मग त्यांनी उसनवारीचे अर्ज उचलले.

“अर्जात लिहिलंय, वस्तू उसन्या. भांड्यांवर लिहिलंय, भेट. संग्रहालयाच्या दृष्टीनं मालकीचा घोळ हा सगळ्यात वाईट. मालक कुठं आहेत?”

“हे काय, इथंच आहेत.”

सरांनी आत्याला विचारलं, “आजी, ही भांडी परत नेणार ना?”

आत्यानं सरांकडं अशा नजरेनं पाहिलं की ते एक पाऊल मागं सरले. “परत? ‘भेट’ लिहिलेलं मागारी नेऊ? देवणीतलं पोरसोर म्हणंल, गुरम्मानं दिलं आन् परत आणलं. न्हाई जमायचं.”

“आत्या, पण बंब रोज लागतो ना तुला?” शिवकन्येनं विचारलं.

“लागतो की.” आत्यानं बंबावरून हात फिरवला. मग तिनं धाकट्या भावाकडं मान वळवली. “अमृत, दुकानात नवा बंब हाय का?”

“हाय, अक्का.”

“मग झालं. बाकीच्या आठाचं बी बघ सवडीनं.”

अमृतरावांनी मान डोलावली. करणार काय? अक्षरं त्यांच्याच दुकानातनं पडली होती.

काका तर विचारायच्या आधीच अर्जावरचं ‘उसन्या’ खोडून, ‘भेट’ लिहून सही करत होते. “माझी आठही ठेवून घ्या. परात तर नक्कीच. ही परात आता शिरूर अनंतपाळात दिसली तर मला जेवण मिळायचं न्हाई. कॉलेजला कुलूप असतंय ना रात्री?”

सरांनी कागद पुन्हा पुन्हा वाचले. “बावीस वर्षं परीक्षा घेतोय,” ते म्हणाले, “इतकं स्वच्छ दानपत्र पाहिलं नाही. मालक स्वतः हजर, वस्तूवर नाव, परत घ्यायला साफ नकार. संपादनाच्या, म्हणजे वस्तू मिळवण्याच्या, भागात तुम्हाला पूर्ण गुण.” मग त्यांनी चष्मा काढला. “पण नंबर टाकण्याचं काय करू? हे कोरीव काम मला नजरेआड करता येणार नाही.”

“कळतंय, सर,” शिवकन्या म्हणाली. आवाज तिनं सरळ ठेवला. दुकानातला तो स्टूल, ती चमच्यांची बरणी, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं.

अमृतरावांना या बोलण्यातलं निम्मंच समजलं होतं. परीक्षक उठायला लागले एवढं मात्र त्यांना दिसलं, आणि पाव्हणा तसाच कसा जाऊ द्यायचा? त्यांनी पिशवीतून शाल, नारळ आणि झगझगीत पितळी तांब्या काढला. तांब्यावर मलप्पाच्या हातचं अक्षर होतं: ‘डॉ. रविकांत सोनकांबळे यांना अमृतराव, लातूर, यांजकडून सप्रेम भेट.’

“शरणार्थ सर,” त्यांनी हात जोडले. “एवढं घ्या.”

सर दचकले. “अहो, मी परीक्षक आहे. विद्यार्थिनीच्या वडिलांकडून काही घेतलं तर माझी नोकरी जाईल.”

“आन् न्हाई घेतलं तर मी ह्याचं काय करू? तुमचं नाव हाय त्यावर. विकता येत न्हाई, घरात वापरता येत न्हाई.”

“मोडीत घाला.”

मलप्पानं जीभ चावली. “साहेबांचं नाव मोडीत?”

तांब्या दोघांच्या मध्ये टेबलावर उभा राहिला. सर हात लावेनात आणि अमृतराव उचलेनात. शिवकन्या तांब्याकडं बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

“सर,” ती म्हणाली, “ही वस्तू तुम्हीही घेऊ नका, अप्पाही नकोत. कॉलेजच्या संग्रहात जमा करून घेते. अठरावी वस्तू. हिच्यावर अजून नंबर पडलेला नाही.”

सरांनी चष्मा पुन्हा घातला. भांड्यांच्या अवस्थेचे कागद काढले, त्यातलं मलप्पाचं नाव बोटानं दाखवलं. “हे तुम्ही खरं लिहिलं म्हणून सांगतो. गुण मिळतात ते विद्यार्थ्यानं स्वतः टाकलेल्या नंबराला. त्या सतरांवर तुम्ही टाकलेलाच नाही. मग शून्य तरी कशाचं देऊ? सामान आहे?”

“आहे.”

“टाका. माझ्यासमोर.”

शिवकन्येनं हातमोजे घातले. तांब्या उलटा करून मऊ कापडावर ठेवला. बुडाशी, जिथं सहज दिसणार नाही अशा जागी, पारदर्शक लाखेचा बोटाच्या पेराएवढा पट्टा ओढला. तो वाळेपर्यंत ती थांबली. मग बारीक निबानं तिनं काळ्या शाईत १८ लिहिला आणि वर दुसरा थर दिला. तिचा हात जराही हलला नाही. अमृतराव बघतच राहिले. आपल्या पोरीला कामात असं बुडालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, दुकानात तर कधीच नाही.

सरांनी भिंगातून नंबर पाहिला. सगळं पुरतं वाळू दिलं. मग खिशातून छोटी बाटली काढली, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेतले आणि नंबरावरून फिरवले. १८ गेला. पितळ होतं तसं झालं, डागही उरला नाही.

अमृतरावांनी हताशपणे पिशवी आवरायला घेतली. आता पोरगी खरोखरच नापास झाली.

“उत्तम,” सर म्हणाले. “वीसपैकी वीस. पास झालात तुम्ही. नंबर परत टाकून ठेवा.”

शिवकन्येनं आत्याला मिठी मारली. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. अमृतराव मात्र मलप्पाकडं बघत होते आणि मलप्पा त्यांच्याकडं.

“सर, एक इचारतो,” अमृतराव म्हणाले. “सतरा नंबर शंभर वर्षं जायचे न्हाईत, ते चूक. आन् एक नंबर मिनिटात पुसून गेला, त्याला वीस?”

“हो.”

“पैकीच्या पैकी?”

“हो.”

अमृतरावांनी तांब्या उलटा करून हातात घेतला. सर गेले, काका गुरुद्वाऱ्याला गेले, आत्या चहाच्या मागं लागली, तरी ते त्याचं कोरं बूड निरखत बसलेलेच. शिवकन्येला वडिलांची जरा दया आली. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

“अप्पा, मी पास झाले हे खरं. पण तुम्ही म्हणालात तर लग्नसराईपुरतं येते दुकानात. मलप्पाकाकांना तेवढाच हातभार.”

“नको गं बाई,” अमृतराव घाईघाईनं म्हणाले. “तू तुझ्या म्युझियमातच बस. तू टाकलेलं नवरदेवाचं नाव वरातीआधीच पुसून जायचं.”