सेर्रो मोहादोची अधिकृत दांता

सेर्रो मोहादोच्या राखीव जंगलात वन्यप्राणी पाहण्याची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी एक ते चार अशी आहे. तशी पाटी फाटकावर लावलेली आहे. प्राण्यांना अद्याप कळवण्यात आलेलं नाही.

त्यामुळे पाहुणे सकाळी सहाला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून आत जातात आणि अकराला बाहेर येतात. मधल्या पाच तासांत त्यांना चिखल, मुंग्या आणि वाटाड्या ग्रेव्हिनची पाठ एवढं दिसतं. ग्रेव्हिन मधूनमधून बोट दाखवून "काल इथून एक गेली" असं सांगतो. आमच्याकडे पत्तेसुद्धा नसलेल्या गोष्टींवरूनच सांगतात. पूर्वी अंजिराचं झाड होतं तिथून दोनशे मीटर वर, जळालेल्या दुकानाच्या समोर, असे. तेव्हा कालचं जनावर आज दाखवण्यात ग्रेव्हिनला काही गैर वाटत नाही. पाहुणेही त्या रिकाम्या जागेचा फोटो काढून घेतात.

अकराला सगळे माझ्याकडे येतात. इथल्या स्वयंपाकघरात मला एकोणीस वर्षं झाली. पाहुणे पडवीत अंगणाकडे पाठ करून बसतात, कारण भिंतीवर प्राण्यांची रंगीत चित्रं आहेत आणि ती पाहायची तर तोंड भिंतीकडे करावं लागतं. मी भात आणि काळा घेवडा वाढत असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे विहीणबाई येते.

विहीणबाई म्हणजे आमची दांता. पुस्तकात हिलाच टॅपिर म्हणतात. डुक्कर घडवता घडवता देवाला हत्ती आठवला आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली, असा एकूण आकार. विहीणबाई हे नाव मी ठेवलं. नाक लांब, येणं न कळवता, खाणं पोटभर आणि जाताना मागे वळून पाहणं नाही. रोज सव्वाअकराला हिरव्या केळ्यांच्या सालींची एक बादली रिकामी करते आणि नदीकडे निघून जाते. ती बादली मी अंगणाच्या टोकाच्या खांबावरच्या ज्या खिळ्याला अडकवते, त्याच खिळ्याला 'प्राण्यांना खायला घालू नये' ही पाटी लटकते. पाटी मीच रंगवली आहे. अक्षर चांगलं आहे माझं.

एकोणीस वर्षांत एकाच पाहुण्यानं मागे वळून पाहिलं.

"कुणाचं हो हे डुक्कर?" त्यानं विचारलं.

"स्वयंपाकघराचं," ग्रेव्हिन म्हणाला.

"बांधून ठेवत जा," पाहुणा म्हणाला, आणि अभिप्रायाच्या वहीत त्यानं लिहिलं, 'एकही प्राणी दिसला नाही. जेवण बरं.'

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राजधानीहून पत्र आलं. आमच्या जंगलाच्या अधिकृत पायवाटेवर गेल्या अकरा महिन्यांत एकाही मोठ्या प्राण्याची छायाचित्रासह नोंद झालेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. बारावा महिना तसाच गेला, तर जंगल 'रिकामं' या वर्गात टाकण्यात येईल. रिकाम्या जंगलात अननस लावायला परवानगी असते, आणि अननसवाले कुंपणापलीकडे येऊन उभे आहेतच.

आमचे संचालक आबेलार्दो साहेब गुळाचं गरम पाणी प्यायला स्वतः स्वयंपाकघरात आले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"दोन्या झोराइदा," साहेब मला मानानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात, "तुमच्याकडे म्हणे ती येते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. रोज खिडकीतून बघतो मी."

"मग लिहा की साहेब! अंगणात, रोज सव्वाअकराला. खाली सही ठोका, मिटला विषय."

साहेबांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. "नियम चौदा. स्वयंपाकघरापासून पन्नास मीटरच्या आत आढळलेला प्राणी हा वन्यप्राणी नसून उपद्रव होय. उपद्रवास गुंगीचं औषध देऊन ट्रकने अन्य जंगलात सोडण्यात यावे. नऊ तासांचा रस्ता आहे, दोन्या."

"आणि पन्नास मीटरच्या पलीकडे असली तर?"

"राष्ट्रीय संपत्ती."

मी पावलांनी अंगण मोजलं. विहीणबाई अठराव्या मीटरवर उपद्रव करत होती.

खरं सांगायचं तर मला जंगलाचा फार मोठा पुळका आहे असं नाही. एकोणीस वर्षांत मी पायवाटेवर चारदा गेले असेन, त्यात दोनदा कोंबडी शोधायला. पण माझा नवरा निघून गेल्यापासून, ठरल्या वेळी माझ्या दारात येणारं आणि 'आज मीठ कमी आहे' असं न म्हणणारं कुणी असेल, तर ती एकटी. उद्या तिला नेलं, की माझ्या स्वयंपाकघराचा पत्ता होणार, 'पूर्वी दांता यायची ना, तिथे.' मला तो पत्ता नको होता.

तेव्हा असं ठरलं की विहीणबाईला पायवाटेवरून चालवायचं. ग्रेव्हिननं पायवाटेवर, पूर्वी अंजीर होता तिथे, एका झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर सरकारी कॅमेरा बांधला. समोर काही हललं की तो आपणहून फोटो काढतो आणि आतल्या आत सीलबंद ठेवतो. उघडायचा अधिकार फक्त राजधानीला.

मी पायवाटेवर साली पसरल्या. चार दिवस त्या मुंग्यांनी खाल्ल्या. मुंगी हा मोठा प्राणी नव्हे, असा खुलासा साहेबांनी आधीच मागवून ठेवला होता. विहीणबाई मात्र नदीवरून सरळ बादलीशी येई आणि सरळ परत जाई. आमची पायवाट कुठून जाते हे तिला चांगलं ठाऊक असावं, कारण ती तेवढी जागा टाळून चालायची.

पाचव्या दिवशी मी राखाडी रेनकोट चढवला, बादली उचलली आणि तिच्यापुढे चालू लागले. पाऊस मुसळधार. मागून ग्रेव्हिन.

"मावशी, हाक मार तिला!"

"काय म्हणून मारू?"

"कागदावर आहे तीच मार. राष्ट्रीय संपत्ती म्हण!"

"तू गप रे. तुझ्या जिभेला नाही का नियम चौदा?"

विहीणबाई माझ्यामागे साठ पावलं आली. एकसष्टाव्या पावलाला, बरोबर कॅमेऱ्यासमोर, माझा पाय सटकला. मी हातापायांवर पडले. बादली पुढे, तिच्यात माझं तोंड, मागे माझा उरलेला ऐवज. उठायला गेले, पुन्हा पडले. उजवा गुडघा धरून रांगत रांगत दोन हात पुढे सरकले. कॅमेरा तीनदा चकाकला. विहीणबाईनं सगळं पाहिलं, फुस्स केलं, आणि आल्या वाटेनं परत जाऊन ती रिकाम्या खिळ्याखाली वाट पाहत उभी राहिली. ग्रेव्हिन मला उचलायला आला नाही. तो हसण्यासाठी झाडाला धरून उभा होता.

पुन्हा प्रयत्न करण्याआधीच मुदत संपली. साहेबांनी देवाचं नाव घेतलं आणि सीलबंद कॅमेरा राजधानीला रवाना केला.

तीन आठवड्यांनी वनखात्याच्या इंजिनिअर मारिसेल उगाल्दे स्वतः निकाल घेऊन आल्या. तिशीच्या आतल्या, चष्मेवाल्या. दांता या विषयावर चार वर्षं अभ्यास केलेल्या. आम्ही त्यांना पडवीतली मानाची खुर्ची दिली. सगळ्या पडवीत तेवढ्या एकाच खुर्चीचं तोंड अंगणाकडे असतं. त्यांनी कागद उघडून वाचला:

"'प्रौढ मादी. उत्तम पोसलेली. चाल जड. मागचा उजवा पाय किंचित अधू. कातडी राखाडी, सैल. मुद्रा त्रासलेली. गर्भार असण्याची दाट शक्यता.' तीन तज्ज्ञांच्या सह्या आहेत. जंगल पहिल्या वर्गात. अभिनंदन!"

टाळ्या झाल्या. फोटो हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी चोपन्न वर्षांची आहे. शेवटच्या वाक्यातला संशय माझ्यावर याआधी फक्त सासूनं घेतला होता, आणि तिच्याकडेही पुरावा नव्हता.

माणसानं जंगलासाठी गप्प बसावं. मी बसणारही होते. अधू पाय मी गिळला, त्रासलेली मुद्राही गिळली. पण 'सैल' हा शब्द काही केल्या घशाखाली उतरेना.

"मॅडम," मी म्हणाले, "ही मी आहे."

आबेलार्दो साहेबांनी टेबलाखालून माझ्या अधू पायावर लाथ मारली.

"कशावरून?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"अहो, पाठ माझी आहे."

"तुम्ही स्वतःची पाठ कधी पाहिली आहे?"

"नाही."

"तज्ज्ञांनी पाहिली आहे. तिघांनी, मोजपट्टी लावून. तुम्ही दांता नसल्याचा काही दाखला?"

मी ओळखपत्र दिलं. त्यांनी त्यावरचा फोटो आणि हा फोटो शेजारी शेजारी धरून बराच वेळ न्याहाळले.

"साम्य आहे," त्या म्हणाल्या. "पण ते तुमच्या विरोधात जातं."

तेवढ्यात सव्वाअकरा वाजले.

विहीणबाई नदीकडून आली, बादलीत नाक घातलं आणि मचमच खाऊ लागली. मॅडमची खुर्ची नेमकी तिच्या समोर.

"ते काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या चित्रांकडे पाहिलं.

मॅडमनी पिशवीतून टेप काढून अंतर मोजलं. मग त्या मोठ्यानं विचार करू लागल्या, "नोंदीप्रमाणे या जंगलात एक दांता आहे आणि ती पायवाटेवर आहे. म्हणजे ही दुसरी. अठरा मीटर. उपद्रव." आणि त्यांनी ट्रकचा अर्ज काढला.

मी दांता ठरले होते, म्हणून खरी दांता जादा ठरली होती. एका सैल शब्दासाठी मी तोंड उघडलं, आणि जिच्यासाठी उघडायला हवं होतं तिच्या वेळी भिंतीकडे पाहत बसले होते.

"डुक्कर आहे ते," मी म्हणाले.

"डुक्कर?"

"आमचं. घरचं."

"नाक लांब आहे."

"आईवर गेलंय."

"मागच्या पायांना बोटं तीन-तीन आहेत."

"गरिबाघरचं आहे हो मॅडम. जेवढी मिळाली तेवढी."

मॅडम उठल्या. पेन टेबलावर ठेवून अंगणात उतरल्या. विहीणबाईनं बादलीतून तोंड काढलं आणि ते लांब ओलं नाक त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत सावकाश फिरवलं. मॅडमचा चष्मा वाफाळला. तो त्यांनी पुसला नाही.

"चार वर्षं मी नुसत्या यांच्या लेंड्या मोजल्या," त्या हळूच म्हणाल्या. "प्रत्यक्ष कधी…" मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही ऐकतोय. "प्रत्यक्ष डुक्कर मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. साली आहेत का आणखी?"

मी आणखी साली दिल्या. त्या उन्हात तशाच उकिडव्या बसून त्यांनी ट्रकच्या अर्जाच्या पाठीमागे डुकराचा अर्ज भरला. मालक: झोराइदा. उपयोग: घरगुती. स्वभाव: शांत. कानात अडकवायचा पिवळा बिल्लाही दिला.

तेव्हापासून सेर्रो मोहादो पहिल्या वर्गात आहे. फाटकावर माझा फोटो लावला आहे, दरवाजाएवढा. नोंद दरवर्षी नव्यानं लागते आणि पाहुण्यांची मागणी तर रोजची, म्हणून शनिवार-रविवारी भात शिजत टाकून मी रेनकोट घालते आणि पूर्वी अंजीर होता तिथून एकदा रांगत जाते. पाय आता खरोखरच अधू झाला आहे. तज्ज्ञांना ते आधी दिसलं, एवढंच. पिल्लू कधी होणार, अशी राजधानीहून दोन पत्रं आली आहेत. दांताच्या पिल्लाच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. ग्रेव्हिनच्या मापाचा पट्ट्यापट्ट्यांचा रेनकोट शिवायला टाकलाय. मी त्याला झाडाला धरून हसणार आहे.

तुम्ही जरूर या. दांता दिसेलच, अशी आता आम्ही लेखी हमी देतो. अकराला पडवीत जेवायला बसा. तुमच्या पाठीमागे कानात पिवळा बिल्ला घातलेलं, लांब नाकाचं एक डुक्कर येईल. तुम्ही तेव्हा मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून शेजारच्याला दाखवत असाल. काय ते अंग, काय ती चाल, यासाठी जंगलातच यायला हवं हो!

तुमच्या डोक्याशी भाताचं पातेलं घेऊन मी उभी असेन. आणखी वाढू का, असं दोनदा विचारेन. तुम्ही वर न बघताच हातानं नको म्हणाल.