जावयाने सरळ केलेला पटर

माझ्या हाताला कला आहे, असं माझं ठाम मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते तिने लग्नानंतर महिन्याभरात, मी दुरुस्त केलेली इस्त्री पाहून बनवलं आणि पुढे कधी तपासून घेतलं नाही.

तर, सासरेबुवांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. गोल्फ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हात गेला असं समजून त्यांनी वैतागाने सगळ्या काठ्या वाटून टाकल्या. शेवटी मित्रांनीच एक सामना ठरवला, नुसत्या पटरचा; म्हणजे त्या नावाच्या आखूड काठीने जवळून चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा. सासरेबुवा म्हणाले, त्या रविवारी कळेल हात उरलाय की नाही. नसला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

पटर आणायचं काम मी छाती पुढे काढून घेतलं. नव्याच्या किमती पाहिल्यावर छाती आत घेतली आणि जुन्या सामानाच्या दुकानातून एक गंजका पटर उचलला. दोन दिवस व्हिनेगरच्या बादलीत बुडवला. घरभर असा वास सुटला, की शेजारीण चौकशी करून गेली. मग पॉलिश पेपरने घासला. गंज गेला, माझ्या बोटांची सालं गेली, पण लोखंड लखलखलं!

राहिली रबरी मूठ. ती खरं तर चिकटपट्टीवर पेट्रोल लावून सरकवतात, म्हणजे सरळ करायला वेळ मिळतो. मी वापरला झटपट चिकटणारा गोंद. मूठ जरा फिरली आणि सरळ करेपर्यंत जन्माची बसली. अंगठे टेकवायची सपाट बाजू समोर हवी, ती थोडी कडेला गेली. थोडीच! म्हटलं, कुणाला कळतंय?

सासरेबुवांनी पटर घेतला, माझं तोंडभर कौतुक केलं आणि चेंडू मारला. तो डावीकडे सोफ्याखाली गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. त्यांनी पटरकडे नाही, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"हात गेलाच म्हणायचा," ते हळूच म्हणाले.

बोलायची वेळ तीच होती. मी सोफ्याखालचे चेंडू काढत बसलो. त्या भ्याडपणाची लाज मला अजून वाटते.

पुढचे दोन आठवडे मी सासुरवाडीला तोंड दाखवलं नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र राहवेना. शेवटचं पॉलिश करतो अशी थाप मारून पटर आणला आणि खेळाच्या दुकानात नेला. जुनी मूठ कापून तशीच नवी बसवून घेतली, अगदी नाकासमोर सरळ. मन हलकं झालं.

रविवारी पटर थेट मैदानावरच त्यांच्या हातात दिला, आणि सासरेबुवांचा प्रत्येक चेंडू उजवीकडे गेला. प्रत्येक! मित्र थट्टा करायचेही थांबले. गाडीत बसल्यावर त्यांनी पटर माझ्याकडे दिला.

"भंगारात द्या, जावईबापू. संपलं."

मला काही कळेना. मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, पण घरी तर एक चुकत नव्हता. शुक्रवारी वीसपैकी वीस गेले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ सराव करून त्यांनी आपला हात माझ्या वाकड्या मुठीवर बसवला होता, आणि तो बसल्यावर मी ती सरळ केली होती! गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मनगट एकदा गोल फिरवून पाहिलं.

"म्हणजे हात शाबूत आहे?"

"आहे, बाबा. चूक माझी आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला जास्तच वाईट वाटलं. त्यांनी तिथूनच मित्रांना फोन लावून पुढचा रविवार पक्का केला आणि पटर पुन्हा माझ्या हातात ठेवला.

"आता हा होता तसा वाकडा करून द्या. अगदी तेवढाच."

आज गुरुवार. तीन मुठी फुकट गेल्यात, चौथी हातात आहे. नेमका किती वाकडा होता, हे मी तेव्हा कुठे बघितलं होतं!