वनमालाबाईंचं मौन आणि बोटीची बॅटरी

"बॅटरीतलं मले नको शिकवू! सारी जिंदगी रेल्वेत गेली आपली!" नरहररावांनी सकाळीच जाहीर करून टाकलं. रेल्वेत ते पार्सल ऑफिसात होते. बॅटऱ्या खोक्यात बसून त्यांच्यासमोरून जात, एवढाच काय तो संबंध! पण हे सांगणार कोण? त्यांच्या बायकोचं, वनमालाबाईंचं, मौन होतं.

कार्तिक पुन्नीचं, म्हणजे पौर्णिमेचं, त्यांचं हे व्रत फार कडक. पहाटेपासून तोंडातून अक्षर नाही. सूर्य बुडायच्या आत पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, तलावाच्या मधोमध दिवा सोडायचा, मगच बोलायचं. दिवा राहिला तर व्रत मोडलं! लिहिणंही बंद, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच की! दरवर्षी केवट त्यांना आपल्या नावेतून नेई. यंदा नरहररावांनी स्वतःची इवलीशी बोट घेतली होती, विजेच्या मोटरची! फक्त बॅटरी ठरायची होती.

दुपारी फोन वाजला. नरहरराव अंघोळीला. बाईंनी नुसताच कानाला लावला. बॅटरीवाला सुशील होता.

"हॅलो? हॅलो? अरे हो, वहिनी, आज मौन नाही का तुमचं! मग ऐका फक्त. भाऊ कारचीच बॅटरी लावतो म्हणतात. लावू देऊ नका! ती गाडी सुरू करायपुरता झटका देते अन् बसते. बोटीले हळूहळू, दम धरून देणारी पाहिजे, ई-रिक्षावाली. दुकानात काढून ठेवली आहे!"

नरहरराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बाईंनी मूठ आवळली, अंगाला एक झटका दिला, डोळे फिरवले आणि मान टाकली.

"अरे देवा! कोण गेलं?"

बाईंनी जोरजोरात मान हलवली. रिक्षाचं हँडल धरल्यासारखं केलं आणि दुकानाच्या दिशेला बोट दाखवलं.

"रिक्षात गेले? तिकडे... अभनपूरचे मामा! झटका आला मामांना!"

शेजारच्या विजयाताई पदर डोळ्यांना लावूनच आत शिरल्या. "किती मोठ्या मनाचे होते हो!" त्यांचे यजमान हार आणायला धावलेसुद्धा! नरहररावांनी अभनपूरला फोन लावला. उचलला तो साक्षात मामांनी!

"कोण मेलं बे? मी जेवून राहिलो!"

"म्हणजे मामा, तुम्ही बरे आहात?"

"बरा काहून? भाजी खारट झाली!"

या गोंधळात ऊन कललं. बाईंनी पुन्हा मूठ आवळून झटका दिला.

"बस कर वं! जिवंत आहेत मामा!" म्हणत नरहररावांनी कारचीच बॅटरी काढली आणि बोटीत ठेवली.

बोट निघाली ती सुसाट! काठावरून टाळ्या! नरहररावांची छाती शिडासारखी फुगली. आणि तलावाचा मध्य हाकेवर असताना मोटर गुरगुरली, कण्हली, गप्प झाली. सूर्य तर पाण्याला टेकत चाललेला! बाईंनी दिवा पदराआड धरला आणि दुसऱ्या हाताने पूजेचं ताट नवऱ्याच्या हाती दिलं. नरहरराव ताटाने पाणी मारू लागले. जन्मात असे राबले नसतील! बोट मधोमध आली, दिवा पाण्यावर डुलला आणि सूर्य बुडाला. व्रत पूर्ण!

बाईंनी हात जोडले. मग अगदी हळू, गोड आवाजात बोलायला सुरुवात केली. सुशीलच्या फोनपासून! मग मामा, मग विजयाताई, मग पार्सल ऑफिस! काठ लांब होता, वल्हं म्हणजे ताट, आणि नरहररावांना पोहता येत नव्हतं.

"वनमाला," ते धापा टाकत म्हणाले, "उद्या कोणतं व्रत आहे वं तुझं?"

"उद्या? उद्या काही नाही. मोकळीच आहे मी."