कोबीचा वास

यमगर सर दुपारी डबा उघडला की लगेच जेवत नाहीत. उकडलेल्या कोबीवर नाक नेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "उठा रं, उठा!" मग पहिला घास. रोज कोबीच. स्टाफरूममधले बाकीचे हसतात. मी जळते.

विश्रामबागेतल्या कॉलेजात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझा विषय उसावरचा तांबेरा, पानात शिरून ऊस पोखरणारी बुरशी. सांगलीत याहून उपयोगाचं काय असणार? सरांचा विषय समुद्र लाल करून टाकणारं विषारी शेवाळ आणि त्याला आतून खाणारा परजीवी. समुद्र कुठे, सांगली कुठे! तरी मुलं त्यांच्याच मागे.

प्रयोगासाठी ते रत्नागिरीहून एसटीने समुद्राचं पाणी आणतात. कंडक्टरने विचारलं, कॅनमध्ये काय? तर म्हणाले, "समुद्र हाय. लगेज लावताय व्हय?" हा किस्सा कॉलेजभर झाला. माझ्या तांबेऱ्याचा एकही किस्सा नाही.

शिकवतातही असे, की मेलं दाराआडून मीसुद्धा ऐकते. "परजीवीची पिल्लं पिशवीत निजल्याली असत्यात. शेवाळातनं एका वायूचं रेणू सुटत्यात, शिजल्या कोबीतनं सुटतं त्येच. ते पोचलं की पिल्लं जागी! भाईर पडत्यात, पोहत जाऊन शेवाळाला चिकटत्यात, आत शिरून त्येला पोखरत्यात. वास न्हाई आला तर पडून ऱ्हात्यात. लय धीर!"

मागच्या महिन्यात समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेने त्यांना बोलावलं. राहायची सोय, मोठी प्रयोगशाळा, खिडकीतून समुद्र. असं बोलावणं यावं म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. आणि सर म्हणाले, "न्हाई जमायचं." माझं डोकंच फिरलं. रविवारी जाब विचारायला थेट आष्ट्याला त्यांच्या घरी गेले.

घरभर कोबीचा वास. वहिनी आजारी असतात एवढंच मी ऐकून होते. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पक्षाघातानंतर त्या माणसं ओळखत नाहीत, बोलतही नाहीत, असं सरांनी हळूच सांगितलं. मग गरम पातेलं घेऊन त्यांच्या उशाशी बसले आणि झाकण काढलं.

"लग्नानंतर हिनं पयल्यांदा कोबीच केलीवती. वासानं वळखील कवातरी." मग वाकून म्हणाले, "ऊठ गं, ऊठ."

बराच वेळ काही नाही. सर झाकण हातात धरून तसेच बसलेले. मी निघायला उठले, तेवढ्यात वहिनींनी नाक मुरडलं. मान सावकाश वळली, नजर सरांवर टेकली.

"करपली," त्या म्हणाल्या.

सरांच्या हातातलं झाकण खाली पडलं. ते एकदम हसले, मग रडले, मग डोळे पुसत मला म्हणाले, "आवं मॅडम, समुद्राकडं तुमीच जावा. तांबेरा काय नि माझी पिल्लं काय, आत शिरायची रीत तुमाला ठावं हाय. मी सांगतो त्यांस्नी."

हवं ते मिळालं होतं. तरी सांगलीला येईपर्यंत एसटीत मी जळतच होते. आता सरांवर नाही, वहिनींवर.

घरी हे टीव्हीसमोर होते. मी कोबी चिरली, शिजायला टाकली, झाकण काढून उभी राहिले.

"कसला वास सुटलाय?" हे टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले. "खिडकी उघड."

मी खिडकी उघडली.