लाल रेघेचे धागेदोरे

बल्गेरियात गुन्हे इतके कमी का, याचं पर्वान गातेवकडे एकच उत्तर होतं: पर्वान गातेव. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनिसाचं काम केल्यावर माणसाला तिसरा डोळा फुटतो, आणि आपला तिसरा डोळा तर चष्म्याशिवाय चालतो, असं तो सांगे. बिनतिकिटाचा प्रवासी तो म्हणे नुसत्या बुटांवरून ओळखायचा. निवृत्त झाल्यावर त्याने दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी ठोकली. डॅन्यूबकाठच्या दोल्नी ब्रेग गावात आजवर त्याच्याकडे दोन प्रकरणं आली होती: एक हरवलेली शिडी आणि एक हरवलेला मेहुणा. शेजाऱ्याचं काम झालं, तशी शिडी परत आली. मेहुण्याला भूक लागली, तसा तोही परत आला. दोन्ही विजय पर्वानने स्वतःच्या नावावर मांडले.

त्याची बायको स्तांका हे सगळं ऐकत वह्या तपासत बसे. ती गावच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि त्या वर्षी तिच्या डोक्याला निराळाच ताप होता. मुख्याध्यापक बोझिनोव यांनी तिच्या वर्गात नवा फळा बसवला होता. त्याला खडू नाही की डस्टर नाही. बोटाने लिहायचं आणि बोटानेच पुसायचं.

“फळा कसला, भिंतीएवढा मोबाइल आहे,” स्तांका म्हणाली. “हा फळा मला काही फळायचा नाही.”

“बाई, एकट्याने शिकू नका,” बोझिनोव म्हणाले. “परदेशातल्या दोन शाळांबरोबर मिळून काहीतरी करा. करता करता येतं.”

मग पोर्तुगालच्या फिलोमेनाबाई, लॅटव्हियाचे उल्दिस आणि स्तांका असं त्रिकूट जमलं. तिन्ही वर्गांनी मिळून एक नदी काढायची, उगमापासून समुद्रापर्यंत. चित्र एकच, पण ते तिन्ही फळ्यांवर एकाच वेळी दिसणार. दर आठवड्याला तिघे पडद्यावर भेटत आणि तिघांनाही सारख्याच न येणाऱ्या इंग्रजीत एकमेकांना शिकवत. पहिल्या बैठकीत स्तांका बराच वेळ छान बोलली, माइक बंद ठेवून. दुसऱ्या बैठकीत तिने माइक सुरू ठेवला आणि जेवायला हाका मारणाऱ्या पर्वानला यथेच्छ झापलं. फिलोमेनाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तिचंही लग्न झालेलं होतं.

हळूहळू जमू लागलं. फळ्याला बोटच लागतं असं नाही, शर्टाची बाही घासली तरी रेघ उमटते, हे उल्दिसने शिकवलं. चित्र लहानमोठं कसं करायचं, हे तर उलट स्तांकाने त्याला दाखवलं. त्या दिवशी तिने घरी येऊन चीज घालून मोठी बानित्सा भाजली आणि अर्धी एकटीने खाल्ली.

आणि मार्च लागला. दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे गावभर माणसांच्या मनगटांवर, कुत्र्यांच्या गळ्यात, दारांच्या कड्यांना लाल-पांढऱ्या धाग्यांच्या मार्तेनित्सा झुलू लागल्या. त्याच आठवड्यात पोर्तुगीज मुलांनी वरच्या कोपऱ्यात काढलेल्या होडीवरून एक लाल रेघ आडवी गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी काही उमटल्या. तिसऱ्या दिवशी होडीवर लाल केसांचा पुंजकाच उगवला. फळा प्रत्येक रेघेशेजारी काढणाऱ्या शाळेचं नाव दाखवत असे, आणि इथे सगळीकडे ‘दोल्नी ब्रेग’ असंच होतं.

“तुमच्या मुलांना आमची होडी आवडत नाही का?” फिलोमेनाने विचारलं. आवाज गोड होता, पण त्यात साखर कमी होती.

मुलांनी आपापल्या आयांच्या शपथा घेतल्या. रेघा उमटत त्या नेमक्या मधल्या सुट्टीत, वर्गात कुणी नसताना. फळा मात्र चालू असे, कारण स्तांका तो कधी बंदच करत नसे. एकदा झोपला आणि उठलाच नाही तर?

“शुक्रवारी पालक बघायला येणार आहेत,” बोझिनोव म्हणाले. “फिलोमेनाबाई आता स्वतःचं वेगळं चित्र काढायचं म्हणतायत. तसं झालं तर हा फळा मी व्यायामशाळेला देईन.”

“देऊ देत,” स्तांका घरी म्हणाली. “खडू बरा. खडूने कधी माझा अपमान केला नाही.” आणि ती गप्प झाली. स्तांका गप्प होणं ही त्या घरातली नवी गोष्ट होती. पर्वानने काटा खाली ठेवला.

“ही केस मी घेतो.”

“नको.”

“घेतली.”

पहिला संशय उल्दिसवर. “हा माणूस हसत नाही,” पर्वान म्हणाला, “आणि पडद्यावर त्याचे बूट दिसत नाहीत. या प्रकरणाचे धागेदोरे थेट लॅटव्हियात, रीगापर्यंत जातात!” पुढच्या बैठकीत तो स्तांकाच्या खांद्यावरून डोकावला आणि गरजला, “पाय दाखव!” उल्दिसने काही न विचारता पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पायात घरी विणलेला लोकरी मोजा होता.

“बघितलंस?” पर्वान कुजबुजला. “मोजे! पावलांचा आवाज येऊ नये म्हणून!”

“पर्वान, तो स्वतःच्या घरी आहे.”

“सगळे असंच म्हणतात.”

मग त्याने फळ्यावर मैदा उधळून बोटांचे ठसे घेतले. ठसे भरपूर निघाले. सगळ्यांत ठळक जे होते त्यांना लोणी आणि चीज लागलेलं होतं. “गुन्हेगार बानित्सा खातो,” त्याने निष्कर्ष काढला. त्यामुळे संशयितांत आता सगळा देश आला. स्वतःची बोटं त्याने तपासली नाहीत. मैदा पुसता पुसता स्तांकाने फळ्यावर चुकून चाळीस वर्तुळं काढली. फिलोमेनाने विचारलं, “आता गारा पडतायत का?”

तिसरा संशय खुद्द बोझिनोव यांच्यावर. व्यायामशाळेत मोठा पडदा म्हणजे फुटबॉलचे सामने, हे शेंबडं पोरही सांगेल! त्यांना रंगेहाथ पकडायला पर्वान मधल्या सुट्टीत नकाशांच्या कपाटात लपला. झुळूक लागून शिंक येऊ नये म्हणून आधी त्याने वर्गाच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सुट्टीभर एकही रेघ उमटली नाही.

“माझ्या नावाचा दरारा!” तो कपाटातून बाहेर येत म्हणाला. त्याच्या टकलावर दक्षिण अमेरिका उलटी उमटली होती.

शुक्रवारी वर्ग पालकांनी गच्च भरला. फळ्याच्या वरच्या बाजूला दोन चौकटींत फिलोमेना आणि उल्दिस दिसत होते. मागे ठेवलेल्या कॅमेऱ्यातून त्यांनाही सगळा वर्ग दिसत होता. स्तांकाने घसा साफ केला. तिने नदी मोठी करून दाखवली, लहान करून दाखवली, आणि मागच्या बाकावरून कुणाची तरी आजी म्हणाली, “अगं बाई!”

तेवढ्यात पर्वान पुढे आला.

“गुन्हेगार,” तो म्हणाला, “याच खोलीत आहे.”

वर्गात उकडत होतं, म्हणून एका बाईने खिडकी उघडली. आणि सगळ्यांच्या देखत, फळ्यापाशी कुणी नसताना, होडीवरून एक लांब लाल रेघ सरकत गेली. आजी किंचाळल्या.

“बोझिनोव, हात वर!” पर्वान ओरडला. बोझिनोव यांनी खरोखरच हात वर केले. एका हातात सरबताचा पेला होता. तो त्यांच्याच डोक्यावर रिकामा झाला.

“स्तांका,” फिलोमेनाचा आवाज आला, “तुमच्या फळ्याच्या कोपऱ्यात ते शेपूट हलवतंय, ते काय आहे?”

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं.

“कुठे काय?” स्तांका म्हणाली. “तिथे तर काहीच नाही.”

“ते लाल-पांढरं.”

“ते होय! अहो, ती मार्तेनित्सा.”

“ती चित्र काढतेय,” फिलोमेना म्हणाली.

मार्चमध्ये बल्गेरियात मार्तेनित्सा कुणाला दिसत नाही, कारण ती सगळीकडेच असते. स्तांका पुढे झाली. फळ्याच्या चौकटीला वर बांधलेला तो लांब गोंडा तिने मुठीत धरला. रेघ थांबली. सोडला, झुळूक आली, रेघ पुढे निघाली.

“बाही!” ती ओरडली. “बाहीसारखंच! चौकटीच्या आत जे येईल ते फळ्याला बोट वाटतं. सुट्टीत आपण हवेसाठी खिडक्या उघडतो, हा गोंडा हलतो आणि लिहायला लागतो! रंग न निवडता लिहिलं की फळा लालच रेघ काढतो!” मग ती पालकांकडे वळली आणि तिने गोंडा हलवून, धरून, पुन्हा हलवून सगळा प्रकार समजावून दिला. इतका चांगला तास तिने कितीतरी वर्षांत घेतला नव्हता.

“पण बाई, ही इथे बांधली कुणी?” केसांतून सरबत निथळत असलेल्या बोझिनोव यांनी विचारलं.

“मला वाटलं मुलांनी,” स्तांका म्हणाली. मुलांनी नकारार्थी माना हलवल्या. पर्वान छताकडे बघत होता. त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

“पर्वान?”

“तू रोज कुरकुरत होतीस,” तो हळूच म्हणाला. “म्हटलं, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून माणसाला बांधतो, तर यंत्राला का नको? त्याने तुला छळू नये, एवढंच.”

स्तांका जी हसत सुटली, ती बाकाला धरून खालीच बसली. सगळा वर्ग हसला. फिलोमेनाला अर्थ सांगितल्यावर पोर्तुगालही हसलं.

“तरी मी पहिल्यापासून म्हणत होतो,” पर्वानने उरलीसुरली अब्रू गोळा केली, “धागेदोरे आहेत म्हणून.”

“आता या सगळ्या रेघा यांनीच पुसायच्या,” फिलोमेनाने शिक्षा सुनावली.

“नको!” उल्दिस पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढल्यात. माझ्या मुलांनी त्यांच्यावर पक्षी बसवलेत.” त्याने चित्र सरकवलं. खरंच, वरच्या बाजूच्या लाल रेघांवर पोटं फुगवून चिमण्यांची अख्खी रांग बसली होती. फिलोमेनाने चष्मा लावून पाहिलं. “मग राहू द्या,” ती म्हणाली. “होडीला झेंड्यांची दोरी हवीच होती.”

“पण आरोपीला शिक्षा काय?” आजींनी विचारलं.

“करकोचा काढायचा,” स्तांका म्हणाली. “वसंतातली नदी आहे, आणि अजून एकही करकोचा नाही. ये इकडे. हे दाब. आता रंग निवड. अरे, बोटाने! कोपराने नाही!”

पर्वानने जीभ बाहेर काढून बराच वेळ करकोचा काढला. लॅटव्हियातून एका मुलाने अदबीने विचारलं, की हा रेल्वेचा सिग्नल नदीत का उभा केलाय. पोर्तुगालमधून प्रश्न आला, की याला पाय तीन का आहेत.

पर्वानने मागे सरून चित्राकडे बारकाईने पाहिलं.

“तिसरा,” तो म्हणाला, “संशयास्पद आहे.”