बहात्तर ठिपके आणि वीतभर अळी

"बहात्तर! चालला! माझा प्रोग्राम चालला!" अनघा खुर्चीतून उडालीच.

पांढरकवड्याच्या बस स्टँडामागे तिचं कॉम्प्युटर सेंटर होतं. गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली ते वर्ष. नुकसानीचे अर्ज भरायला अख्खा तालुका तिच्या दारात. पण इंचाला तीनशे ठिपके नसले की वेबसाइट किडक्या पिकाचा फोटो परत फेकायची. म्हणून तिने आठवडाभर खपून, पायथन या संगणकी भाषेतली फोटो वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरून प्रोग्राम लिहिला होता. फोटोच्या पोटात ठिपक्यांचा आकडा नोंदलेला असतो, तो वाचून दाखवणारा.

आनंद ओसरल्यावर तिला तो फोटो घेऊन आलेली, समोर बसलेली सुखीबाई दिसली. बहात्तर म्हणजे हिचा अर्ज बुडाला की! मुदत आज पाचपर्यंत. यादीत नाव नसलं तर तांड्यावरचं तिचं वावर पाहायला कोण फिरकणार?

तो आकडा खोडून तिथे तीनशे लिहिणं एका ओळीचं काम होतं. पण अनघाचे वडील दीनानाथराव छत्तीस वर्षं तहसिलीत हेडक्लार्क. सरकारी कागदावर खाडाखोड हे त्या घरात महापाप.

"मावशी, हा फोटो नाही चालत. दुसऱ्या मोबाईलवर नवा काढून आणा. पळा!" असं म्हणून तिने नको तो नीटनेटकेपणा केला, जुना फोटो पुसून टाकला.

साडेचारला सुखीबाई धापा टाकत परतली. प्रोग्राम म्हणाला, बहात्तर. त्याहून वाईट म्हणजे फोटोत हिरवीगार, ठणठणीत कपाशी आणि मधोमध आरशांची फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, घालून हसणारी सुखीबाई.

"मावशी, अळी कुठं गेली?"

"सरकारले पह्यला फोटो पसंत नाही आला ना? मंग किडकं ध्यान काहून दाखवाचं? म्होरच्या दोन ओळीतली समदी किडकी बोंडं तोडली. कसं दिसून राह्यलं?"

"निरोगी! अन् ती बोंडं?"

"हे काय, थैलीत. फेकली असती त लोकाच्या वावरात अळी गेली असती. घरी नेऊन जाळतो."

अनघाची नजर सातबारा स्कॅन करायच्या मशीनवर गेली. स्कॅनर! तो खरे तीनशे ठिपके टिपतो, खाडाखोड नको की काही नको. तिने थैली काचेवर उपडी केली, बटण दाबलं आणि चित्र प्रोग्रामला दिलं.

"तीनशे!" दोघी एकदमच ओरडल्या. चार सत्तावन्नला अर्ज गेला.

मग अनघाने चित्र नीट पाहिलं. एक अळी बोंडातून निघून स्कॅनरच्या सरकत्या दिव्यासोबत चालत गेली होती. चित्रात ती ताणून चांगली वीतभर झाली होती.

"याडी गं!" सुखीबाईने आईचं नाव घेत गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कृषी कार्यालयाचा फोन. "मॅडम, एवढी अळी जिल्ह्यात कोणी पाह्यली नाही! साहेब सोता येऊन राह्यले, शास्त्रज्ञ बी संग आहेत. तीन जीपा निघाल्या!"

अनघाने लगेच सुखीबाईला फोन लावला.

"येऊ दे की! दोन महिने झाले, कोणी बांधावर पाय नाही ठेवला. बाकीच्या ओळी तशाच किडक्या हायेत, पाहू दे डोये भरून."

"पण मावशी, ते वीतभर अळी मागतील!"

"मंग सांगीन त्याईले," सुखीबाई शांतपणे म्हणाली, "तुमी लवकर याचं होतं. पाखरू झालं अन् गेलं उडून."